जन्मतारीख आणि 'सांगत्ये ऐका'

१९९८ सालची गोष्ट. मी तेव्हा विश्रामबागेतल्या एका बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. विश्रामबाग म्हणजे सांगली आणि मिरज या दोन गावांना सांधणारा भाग. विलिंग्डन कॉलेज इथलं, वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज इथलं. त्यामुळे वस्ती विद्यार्थ्यांची आणि निवृत्त मास्तर-प्राध्यापकांची. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्या शाखेत पेन्शनरांची रांग लागे आणि काउंटरवर पैशांपेक्षा गुडघेदुखीची देवाणघेवाण जास्त होई.

अशाच एका सकाळी तासगावकडच्या खेड्यातली एक बाई माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले कागद. नवरा वारला होता. त्याच्यामागे तिला मिळायचं निवृत्तिवेतन अडकलं होतं. कागद एका कार्यालयातून दोनदा परत आले होते, कारण 'पत्नीची जन्मतारीख' हा रकाना कोरा होता. चार महिने घरात पैसा नव्हता.

"मावशी, वय किती तुमचं?"

"काय सांगू सायेब? आमच्या आईनं कुठं लिवून ठेवलंय?"

"अंदाजानं सांगा की."

ती जरा विचारात पडली. मग एकदम चेहरा उजळला. "'सांगत्ये ऐका' आमच्या गावाला तंबूत आलता बघा. त्या साली माझं लगीन झालं. अंगाची हळद बी निघाली नव्हती आन् नणंदेनं मला शिनिमाला न्हेलं."

रांगेतली माणसं हसली. मी हसलो नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मीही हसलो. पण हसता हसता कागद पुढं ओढला आणि हिशेब मांडायला लागलो. बँकेतल्या माणसाला आकडा दिसला की राहवत नाही.

अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' १९५९ सालचा. जयश्री गडकर आणि हंसा वाडकर यांचा. पुण्याच्या विजयानंद थिएटरात तो १३१ आठवडे चालला, हे सिनेमाच्या शौकिनांना पाठ असतं. पण शहरात लागलेला सिनेमा खेड्यात त्याच साली थोडाच येतो? प्रिंट आधी मोठ्या गावात फिरायची, मग तालुक्याला आणि चांगली झिजल्यावर तंबूवाल्याकडे. तोवर तिच्यावर पावसाच्या रेघा पडलेल्या असत. तंबू यायचा तो जत्रेत. म्हणजे १९६० किंवा १९६१चा चैत्र.

"लग्नानंतर पहिलं मूल कधी?"

"पाच वरसानं. कोयनेचा भूकंप झाला तवा थोरली दीड वरसाची. तिला काखंत मारून म्या अंगणात पळाले."

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७चा, पहाटेचा. दीड वर्ष मागे, मग पाच वर्षं मागे. १९६१. शाळा? चौथी करून सोडली, आणि तिसऱ्या वर्षी लग्न. म्हणजे लग्नात तेरा-चौदा वर्षांची. कायद्यात ते तेव्हाही बसत नव्हतं. पण कायदा शहरात राहायचा आणि मुली खेड्यात. जन्म १९४७चा, फार तर एखादं वर्ष इकडे-तिकडे.

दुसऱ्या वेळी ती नणंदेला घेऊनच आली. नणंद तिच्याहून खमकी. "मीच न्हेलं की हिला," ती म्हणाली, "मधीच इंजन बंद पडलं. अंधारात ही माझा हात सोडंना. घरला आल्यावर सासूनं दोघींस्नी बोलणी दिली." सदतीस वर्षांपूर्वीच्या रात्रीची साक्ष इतकी पक्की, की कोणत्याही कोर्टानं मान्य करावी. पण फॉर्मला सिनेमा चालत नाही. मी तिच्या मुलाला गावच्या शाळेत पाठवलं. जुन्या रजिस्टरात नाव सापडलं. जन्मतारीख : १ जून १९४७.

ज्यांची शाळा खेड्यात झाली त्यांना १ जूनचं रहस्य ठाऊक आहे. आईबापांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. एकेका वर्गात निम्म्या मुलांचे वाढदिवस एकाच दिवशी. तर गंमत अशी, की गुरुजींनी अंदाजानं टाकलेली तारीख सरकारदरबारी खरी ठरली आणि तिनं हळदीच्या अंगानं पाहिलेला सिनेमा मात्र पुरावा ठरला नाही. असो. पेन्शन सुरू झालं.

ती बाई गेली, पण तिनं माझ्या डोक्यात एक किडा सोडला. मग मी लक्ष देऊन ऐकायला लागलो, तेव्हा ध्यानात आलं की आमच्या सातारा-सांगलीकडच्या माणसांपाशी दोनच कॅलेंडरं आहेत. एक संकटांचं : सदुसष्टचा भूकंप, बहात्तरचा दुष्काळ, २००५ आणि २०१९चा महापूर. दुसरं सिनेमांचं. पहिल्यात काय गमावलं त्याची नोंद असते, दुसऱ्यात तरीही कसे जगलो त्याची.

सांगलीला तर हे रक्तातच असावं. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते इथंच, म्हणून हिला नाट्यपंढरी म्हणतात. बोलपट आले तेव्हा नाटकाची माणसं तिकडं वळली. मास्टर दीनानाथांनीही नाटक कंपनीनंतर सिनेमात उडी घेतली आणि १९३४ साली 'कृष्णार्जुन युद्ध' काढला. लतादीदींचं बालपण सांगलीत गेलं, आशाबाईंचा तर १९३३ सालचा जन्मच इकडचा. वि. स. खांडेकर १८९८ साली सांगलीत जन्मले. 'छाया', 'ज्वाला', 'देवता' या चित्रपटांच्या कथा त्यांच्या. म्हणजे पडद्यावरची माणसं आमच्याकडे आकाशातून उतरलेली नव्हती. कुणाची तरी शेजारीण, कुणाच्या तरी वर्गातला मुलगा.

आणि काही वेळा तर आमचीच गोष्ट पडद्यावरून फिरून आमच्याकडे परत आली. माझ्या शाळेत रोज सकाळी एक हिंदी प्रार्थना होई. भरत व्यास यांचे शब्द, वसंत देसाई यांची चाल. ती 'दो आँखें बारह हाथ' या व्ही. शांताराम यांच्या १९५७च्या चित्रपटातली आहे, हे मला मोठेपणी कळलं. तोवर मी ती एखादं संतवचन असावं तशी म्हणत होतो. त्याहून उशिरा कळलं, की एक जेलर सहा खुन्यांना उघड्या माळावर नेऊन माणसांत आणतो, ही कल्पना कुठल्या परदेशी कादंबरीतली नव्हे, आमच्याच आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरची. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी १९३९ साली मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनिअरच्या सल्ल्यानं तिथं कैद्यांची भिंतीविना वसाहत वसवली. त्यावर पटकथा रचली ती त्याच आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याला जन्मलेल्या गदिमांनी. चित्रपटाला १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळालं. आटपाडीचा माळ बर्लिनला जाऊन आला आणि आमच्या शाळेच्या पटांगणावर प्रार्थना होऊन उभा राहिला. चारशे पोरं ती एका सुरात म्हणत आणि त्यातल्या एकालाही आपण सिनेमाचं गाणं म्हणतोय असं वाटत नसे. सिनेमा रोजच्या जगण्यात मुरतो म्हणजे आणखी काय होतं?

१९७५ सालचं आमचं घर आठवतं. त्या एका वर्षात 'जय संतोषी माँ' आला आणि 'शोले'ही आला. आईनं शेजारणींबरोबर पहिला पाहिला आणि शुक्रवार धरले. शुक्रवारी आमटीत चिंच नाही, ताक नाही, पानात लोणचं नाही. घरात आंबटाचा थेंब वर्ज्य. आम्ही भावंडं मात्र 'शोले'तले संवाद म्हणत जेवायला बसत असू. वडील म्हणत, "एका घरात संतोषी माता आणि गब्बरसिंग एकत्र नांदतायत, मी बापडा कुठं जाऊ?" वडील फार कमी बोलत. त्यांचा हा एवढाच विनोद आम्हा भावंडांना आजही एकमेकांना सांगावासा वाटतो.

पुढं मी बँकेत लागलो आणि थोड्याच दिवसांत, २६ जुलै १९८२ रोजी, बंगळूरला 'कुली'च्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन जखमी झाला. ते दिवस विलक्षण होते. काउंटरवर येणारा माणूस आधी बच्चनच्या तब्येतीची चौकशी करी, मग स्वतःच्या शिल्लकेची. आमच्या शिपायानं सांगलीच्या गणपतीला नारळ बोलला होता. मी त्याला चिडवलं, "तुझा कोण लागतो रे तो?" तो शांतपणे म्हणाला, "सायेब, माझा बाप आजारी होता तवा मला कुणी विचारलं न्हवतं. आता सगळी एकमेकांस्नी विचारत्यात. बरं वाटतंय." त्याला उत्तर देणं मला जमलं नाही. नट दूर मुंबईच्या इस्पितळात होता, पण त्याच्या निमित्तानं इथली माणसं एकमेकांची विचारपूस करायला शिकली होती.

खाती उघडण्याच्या फॉर्मांवरही सिनेमा दिसे. आमचे एक जुने हेडक्लार्क नाव वाचून जन्मसाल सांगायची पैज लावत. राजेश म्हटलं की 'आराधना'नंतरचा, म्हणजे १९६९च्या पुढचा. माधुरी म्हटलं की 'तेजाब'नंतरची, १९८८च्या पुढची. पैज ते नेहमी जिंकत असं नाही, पण हरतही फार नसत. त्या पेन्शनवाल्या मावशींच्या थोरल्या मुलीचं नावही तिच्या आवडत्या नटीचंच होतं.

आता कुणी म्हणेल, हे सगळं स्मरणरंजन झालं. सिनेमा आजही आहेच की, उलट हातातल्या फोनवर आहे. खरं आहे. २०१६ साली 'सैराट' आला तेव्हा आमच्याकडे ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून माणसं सिनेमाला गेली. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या तंबू सिनेमावाल्यांवरचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट कान महोत्सवात गौरवला गेला. तंबूंची घरघर टिपणारा माहितीपट आणि गावंच्या गावं थिएटरकडे खेचणारा 'सैराट', दोन्ही एकाच साली. त्याची मला हळहळ वाटली, पण तक्रार नाही. तंबूत डास होते, धूळ होती, इंजिन बंद पडत होतं. माझा नातू पांघरुणात पडून जगातला कुठलाही सिनेमा पाहू शकतो, हे माझ्या वडिलांना सांगितलं असतं तर त्यांनी त्याला चमत्कार म्हटलं असतं.

पण परवा मी नातवाला विचारलं, "गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कुठला सिनेमा पाहिलास रे?" तो म्हणाला, "आजोबा, खूप पाहिले. नक्की कुठले ते आठवत नाही." बहीण शेजारच्या खोलीत दुसरंच काही पाहत होती, त्यामुळे तिलाही सांगता येईना. तेव्हा मला त्या मावशी आठवल्या. त्यांचा 'सांगत्ये ऐका' सदतीस वर्षं ताजा राहिला तो काही केवळ जयश्रीबाईंच्या नाचामुळे नव्हे. अंधारात इंजिन बंद पडल्यावर हातात नणंदेचा हात होता, म्हणून. साल पक्कं झालं ते पडद्यामुळे नाही, शेजारी बसलेल्या माणसामुळे. आपण एकट्यानं पाहिलेल्या गोष्टीला साक्षीदार नसतो, आणि साक्षीदार नसलेली आठवण फार दिवस टिकत नाही.

पेन्शन सुरू झाल्यावर मावशी पुन्हा शाखेत आल्या होत्या. मी नको नको म्हणत असताना टेबलावर बेदाण्यांची पुडी ठेवली आणि सहज विचारलं, "सायेब, तुमचं लगीन कुठल्या शिनिमात झालं?"

मला सांगता येईना. तारीख सांगता आली, तिथी सांगता आली, सिनेमा नाही. रात्री घरी जेवताना बायकोला विचारलं. तिनं भाकरीवरून नजरही न उचलता सांगितलं, "'मैंने प्यार किया'. नव्वदचा फेब्रुवारी. भाग्यश्री आपल्या सांगलीच्या पटवर्धन सरकारांच्या घरातली, म्हणून गाव लोटलं होतं. राजकन्या बघायला म्हणून सासूबाईसुद्धा आल्या होत्या. आपण दोघं त्यांच्या दोन बाजूंना."

"आणि?"

"आणि काय? मध्यंतरानंतर सासूबाई म्हणाल्या, मला इथं पंख्याचं वारं लागतंय, तू तिकडं सरक. आणि मला तुमच्या शेजारी बसवलं."

पंख्याचं वारं! फेब्रुवारीत, खच्चून भरलेल्या थिएटरात! आईला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. तिनं सुनेवर माया केली की नाही, याबद्दल आमच्या घरात कधी बोलणं झालं नव्हतं. आमच्याकडे अशा गोष्टी बोलत नाहीत. त्या रात्री कळलं, की आईनं ते आठ वर्षांपूर्वीच सांगून टाकलं होतं.

या रविवारी नातवाला आणि त्याच्या बहिणीला घेऊन थिएटरात जायचं ठरवलं आहे. सिनेमा कुठला ते त्यांनी ठरवायचं. शेजारी कोण बसणार ते मात्र मी ठरवणार आहे.