बांधावरून खात्यापर्यंत (भाग 5) : यादी गावाला दिसू द्या

मागच्या आठवड्यात आपण पंचनाम्यापर्यंत आलो होतो. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांनी 33 टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान नोंदवलं, की शेतकरी मदतीला पात्र ठरतो. (2015 पर्यंत ही अट 50 टक्क्यांची होती.) आता ही नोंद पैसे होऊन खात्यात कशी पडते, ते पाहू.

आधी आकडा. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2022 ते 2026 या काळातल्या निकषांप्रमाणे जिरायतीला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक पिकांना 22,500 रुपये, तेही दोन हेक्टरांपर्यंतच. तीन एकर, म्हणजे 1 हेक्टर 20 आर जिरायत सोयाबीन गेलं तर 10,200 रुपये. महाराष्ट्राने ऑगस्ट 2022 मध्ये जिरायतीचा दर 13,600 केला आणि मर्यादा तीन हेक्टरांवर नेली. त्या दराने त्याच शेताचे 16,320 होतात. त्यामुळे कमी पडले की बरोबर पडले, हे कळायला त्या हंगामाचा शासन निर्णय हाताशी हवा.

पंचनाम्यांवरून तालुक्याला याद्या होतात, पोर्टलवर चढतात आणि शेतकऱ्याला विशिष्ट क्रमांक मिळतो. गावात त्याला सगळे ‘व्हीके नंबर’ म्हणतात. तो घेऊन सेवा केंद्रात जायचं, आधार प्रमाणीकरणासाठी अंगठा द्यायचा, मग पैसे थेट खात्यात. मधले हात कमी झाले, ही मोठीच सुधारणा. पण या वाटेवर शेतकऱ्याला फक्त स्वतःची नोंद दिसते. अख्ख्या गावाची यादी, क्षेत्र आणि रकमेसह, चावडीवर लागलेली क्वचितच दिसते.

त्याने काय होतं, हे जालना जिल्ह्यातल्या अंबड आणि घनसावंगी तालुक्यांनी दाखवलं. जमीन नसलेल्यांच्या नावानेही अतिवृष्टीचं अनुदान उचलल्याचं चौकशीत समोर आलं आणि 2025 मध्ये तलाठ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. कुणाचं शेत कुठे आहे आणि कुणाला शेतच नाही, हे गावात लहान पोरही सांगतं. ती यादी वेळेत पारावर वाचली गेली असती, तर चौकशी समितीची वाट पाहावी लागली नसती, असं मला मनापासून वाटतं.

आणि हे मागणं नवं नाही. माहिती अधिकार कायदा 2005 चं कलम 4 सांगतं, की अनुदान योजनांच्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील, कुणी अर्ज करण्याआधीच, सरकारने स्वतःहून जाहीर करावा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम 8 मधली वैयक्तिक माहितीची सवलत रुंद केली खरी, आणि ते कारण पुढे करून याद्या नाकारल्या जाण्याची भीती आहे. पण कलम 4 जागेवर आहे, आणि मोठ्या लोकहितासाठी माहिती खुली करण्याची मुभा देणारं कलम 8(2) सुद्धा.

आधार क्रमांक आणि बँक खातं झाकलंच पाहिजे, त्यात वाद नाही. पण खातेदाराचं नाव, गट नंबर आणि क्षेत्र तर सातबाऱ्यावर आहे, आणि सातबारा ऑनलाइन कुणालाही पाहता येतो. त्यापुढे पीक, नुकसानीची टक्केवारी, दर आणि रक्कम हे चार रकाने जोडले, की यादी पूर्ण झाली. येत्या ग्रामसभेत ती मागा, आणि मोठ्याने वाचायला लावा.

पुढच्या आठवड्यात : एका सातबाऱ्यावर चार भाऊ असले, की पैसे कुणाच्या नावावर पडतात?