तानपुरा डोलतो की कान?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत हॉस्टेलवरून उमेळ्याला घरी गेलो, तर घरात एक वाद चालू होता. विषय आजोबांचे कान! आजोबा गावातल्या भजनी मंडळात पन्नास वर्षं पेटी वाजवत आले आहेत. त्यांच्याकडे जुनी रेकॉर्ड आहे, शास्त्रीय गायनाची, दुसऱ्या बाजूच्या शेवटी भैरवी. तीच भैरवी नंतर निघालेल्या एका संग्रहाच्या रेकॉर्डवरही आहे. काकांनी दोन्ही आणून लावल्या आणि निकाल दिला, "जुनी खणखणीत वाजते, संग्रहाची मिळमिळीत आहे. ती देऊन टाकू." आजोबा म्हणाले, "जुनीतला तानपुरा डोलतो. मला संग्रहाचीच बरी वाटते."

आम्हा कोणालाच काही डोलताना ऐकू येईना. वय ८१. बाबांनी हळूच मला सांगितलं, कानाच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली आहे.

मंडळी, आपण इंजिनिअरिंगवाले. म्हटलं, मोजून बघू.

आधी आवाजाचं

संग्रहाची रेकॉर्ड हळू का वाजते? उत्तर जागेत आहे. १२ इंची एलपीवर खाच कडेला केंद्रापासून साधारण १४६ मिलिमीटरवर सुरू होते आणि आत ६० मिलिमीटरच्या आसपास संपते. म्हणजे वापरायला मिळतात ८६ मिलिमीटर. जुन्या रेकॉर्डची ती बाजू १८ मिनिटांची. मिनिटाला ३३⅓ फेरे, म्हणजे ६०० फेरे. एका फेऱ्याच्या वाट्याला ०.१४३ मिलिमीटर. संग्रहाची बाजू २७ मिनिटांची, ९०० फेरे, वाट्याला ०.०९६ मिलिमीटर. यातले सुमारे ०.०५ मिलिमीटर खाचेच्या स्वतःच्या रुंदीत गेले. उरलेली जागा खाचेला डावी-उजवीकडे हलायला, आणि हे हलणं म्हणजेच आवाज. जुनीत उरतात ०.०९३, संग्रहात ०.०४६. म्हणजे निम्मे! आंदोलन निम्मं झालं की पातळी ६ डेसिबलने उतरते. रेकॉर्ड कापणारी यंत्रं गाण्यानुसार खाचांमधलं अंतर कमी-जास्त करतात, त्यामुळे हिशोब तंतोतंत जुळत नाही. पण मी दोन्ही लॅपटॉपवर घेऊन पाहिल्या तेव्हा फरक ५ डेसिबल निघाला.

यात खर्जाचा स्वर सर्वांत जास्त जागा खातो. म्हणून कापताना खर्ज दाबतात आणि वरचे स्वर उचलतात. २० हर्ट्झला सुमारे २० डेसिबल खाली, २० किलोहर्ट्झला तेवढेच वर. वाजवताना ॲम्प्लिफायर हे बरोबर उलटं करतो. १९५४ सालापासून रूढ झालेल्या या नियमाला आरआयएए वक्र म्हणतात. तो नसता तर एलपीवर इतकी मिनिटं मावलीच नसती.

बरं, हळू रेकॉर्डचा आवाज वाढवला की झालं ना? पूर्ण नाही. प्लॅस्टिकची आणि धुळीची खरखर तेवढीच असते, आवाज वाढवला की तीही वाढते. इथे काकांचा मुद्दा खरा होता. पण दुसरी गंमत अशी, की दोन सारख्या गोष्टींपैकी एक जराशी मोठी वाजली तरी माणसाला ती 'चांगली' वाटते. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं होतं. म्हणून तुलना करायची तर आधी पातळी समान करायला हवी. मी ती केली, आणि काकांना न सांगता दोन्ही ऐकवल्या. काकांनी संग्रहाची निवडली!

आता दर्जाचं

एकाच गाण्याच्या दोन प्रती सारख्या का नसतात? रेकॉर्ड छापायची पद्धत पाहा. आधी लॅकरच्या तबकडीवर खाच कापतात. तिच्यावर चांदीचा पातळ थर देऊन विजेने निकेल चढवतात. हा उलटा ठसा. त्यावरून सुलटा, त्यावरून पुन्हा उलटा, आणि हा शेवटचा म्हणजे छापायचा साचा. एका साच्यातून काही शेकडे ते हजार-दोन हजार प्रती निघतात. मग तो झिजतो. पहिली प्रत आणि शेवटची प्रत यांत फरक पडतो. प्लॅस्टिक ताजं की भंगार वितळवलेलं, यानेही पडतो. लेबलाजवळच्या कोऱ्या पट्टीत कोरलेला आकडा पाहिला तर प्रत कोणत्या मूळ कापणीची, हे कळतं. जुने संग्राहक आधी तोच वाचतात.

आपल्याकडे हे कौशल्य जुनं आहे. १९०२ साली गौहर जान यांचं गाणं कलकत्त्यात मुद्रित झालं, पण तबकड्या छापून आल्या जर्मनीतल्या हॅनोव्हरहून. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला, पुढे डमडमला. आपल्या मुंबईत वडाळ्याला 'यंग इंडिया'च्या तबकड्या निघत.

आणि तानपुरा

मी आजोबांना म्हटलं, तानपुरा डोलला की टिचकी वाजवा. त्यांनी डोळे मिटले. मी मोबाइलवर वेळ लावली. दहा टिचक्यांना १८ सेकंद लागले.

अंगावर काटा आला! मिनिटाला ३३⅓ फेरे म्हणजे एका फेऱ्याला बरोबर १.८ सेकंद. आजोबांना घड्याळ दिसत नव्हतं की तबकडी.

मग वाकून सुईच्या दांड्याकडे पाहिलं. तो दर फेऱ्याला आत-बाहेर साधारण १ मिलिमीटर हलत होता. म्हणजे भोक खाचांच्या केंद्रापासून अर्धा मिलिमीटर सरकलेलं. कडेला १४६ मिलिमीटरवर अर्ध्या मिलिमीटरने वेग ०.३ टक्के बदलतो, कोणाला कळतही नाही. आत ६० मिलिमीटरवर तोच बदल ०.८ टक्के होतो. वर-खाली मिळून पावणेदोन टक्क्यांच्या जवळपास. दोन लागोपाठच्या स्वरांमधलं अंतर सुमारे ६ टक्के असतं, म्हणजे तानपुरा पाव स्वराहून जास्त हलतो. आणि भैरवी नेमकी आतच! गायकाचा आवाज हलताच असतो म्हणून आपल्याला कळत नाही, पण तानपुरा स्थिर असायला हवा. पन्नास वर्षं पेटीला कान लावून बसलेल्या माणसाला तो डोलताना ऐकू येणारच.

खात्री म्हणून आजोबांच्या परवानगीने गोल कानशीने भोक किंचित मोठं केलं आणि दांडा हलायचा थांबेपर्यंत तबकडी हाताने सरकवली. पुन्हा भैरवी लावली. एकही टिचकी वाजली नाही. खणखणीतही आणि स्थिरही. (दुर्मिळ रेकॉर्डवर हा प्रयोग करू नका.)

काकांनी दोन्ही रेकॉर्ड कपाटात ठेवल्या. बाबांनी डॉक्टरांची वेळ रद्द केली नाही, पण आजोबांसाठी नाही, स्वतःसाठी!

हॉस्टेलवर करून पाहा. एकच गाणं दोनदा घ्या, एक २ डेसिबलने कमी करा, आणि रूममेटला न सांगता विचारा, कोणतं चांगलं? आणि घरातलं म्हातारं माणूस 'काहीतरी बिघडलंय' म्हणालं, तर आधी यंत्र तपासा.