ताण तोडताना

बशी किणकिणत होती म्हणून त्याने ती बाजूला सरकवली आणि कप दोन्ही हातांनी धरला. तरी थोडा चहा शर्टावर सांडलाच. पांढुर्ण्यातल्या हॉटेलच्या बाकावर तो माझ्यासमोर बसला होता. वय पंचेचाळिशीचं, काम संत्र्याच्या बागा राखण्याचं. दारू सोडून तिसरा दिवस.

"पेत होतो तवा जीव शांत राहे. आता सोडली तं असा काहून घाबरते?"

घरच्यांनी त्याला देवासमोर किरिया घ्यायला लावली होती. आपली किरियाच कच्ची, म्हणून छातीत धडधडतं, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. त्या दुपारी मी त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्याचा प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही, आणि हा लेख त्यातूनच आला.

मध्य प्रदेशातले पांढुर्णा आणि सौसर हे तालुके 2023 पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होते. आता दोन्ही मिळून पांढुर्णा जिल्हा झाला आहे. कागद हिंदीत, घरातलं बोलणं मराठीत. दवाखान्यात माणूस 'घबराहट' एवढंच सांगतो. पहाटे साडेतीनला जाग येते, पोटात खड्डा पडतो, कुणी हाक मारली तरी दचकायला होतं, बाजारात गर्दीत गेलं की पळून जावंसं वाटतं, हे सगळं त्या एका शब्दात मावत नाही.

आता त्याच्या प्रश्नाचं उत्तर. मेंदूत गाबा नावाचं रसायन आहे, ते शांत करतं. ग्लुटामेट आहे, ते जागं ठेवतं. दारू गाबाचा जोर वाढवते आणि ग्लुटामेटला दाबते. वर्षानुवर्षं रोज असं झालं की मेंदू तोल सांभाळण्यासाठी उलट्या बाजूने जोर लावायला शिकतो. मग एके दिवशी दारू थांबते, पण मेंदूचा तो जोर थांबत नाही. थरथर, घाम, धडधड, झोप उडणं हे सगळं त्यातून येतं. सहा-आठ तासांत सुरुवात होते आणि साधारण पहिल्या ते तिसऱ्या दिवसात जोर सर्वांत जास्त असतो. किरियेच्या खरेखोटेपणाशी याचा काडीचा संबंध नाही.

काही जणांना पहिल्या दोन दिवसांत झटके येतात. काहींचं दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भान हरपतं. भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं दारात उभी दिसतात, माणूस रात्रभर बडबडतो. घरचे म्हणतात, दारू तर तीन दिवसांपूर्वीच सुटली, मग हे दारूचं कसं असेल? हे बाहेरचंच.

आणि मग गाडी जामसावळीकडे वळते. सौसरजवळचं हे हनुमानाचं देवस्थान दूरदूरपर्यंत प्रसिद्ध आहे. मूर्ती निजलेली, आणि मनाने त्रासलेल्या माणसांना घेऊन घरचे तिथे येतात, मुक्काम करतात. मी तिथे जाऊन बसलो आहे. त्या श्रद्धेला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही, कारण घाबरलेल्या माणसाला तिथे एकटं सोडत नाहीत. आई, बायको, भाऊ सोबत असतात. पण रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली असेल, तर पहिले चार-पाच दिवस दवाखान्याचे आहेत. थरथर वाढली, भास झाले, झटका आला तर तासाचाही उशीर जिवावर बेतू शकतो. दवाखान्यात मेंदू शांत करणारी औषधं मोजून देतात आणि रोज कमी करत नेतात. रोज पिण्याने शरीरात आटलेलं ब-1 जीवनसत्त्व भरून काढतात. मारुतीचं दर्शन सहाव्या दिवशीही होतं.

दारू सुटावी म्हणून न सांगता जेवणातून दिल्या जाणाऱ्या औषधांबद्दलही लिहायलाच हवं. त्यात डायसल्फिराम असलं आणि माणूस वरून प्यायला, तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती इतकी धडधडते की त्याला मरण दिसतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, त्या माणसाला सांगून द्यायचं हे औषध आहे. भाजीत कालवायचं नव्हे.

पहिला आठवडा पार पडला की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. खरी कसोटी तिथून पुढे असते, आणि ती बाहेरून दिसत नाही. अमेरिकेत सॅन दिएगोचे मार्क शुकिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दारू सोडलेल्या पुरुषांच्या चिंतेचा अभ्यास 1991 साली प्रसिद्ध केला. सुरुवातीला चढलेली चिंता पुढच्या काही आठवड्यांत बहुतेकांच्या बाबतीत आपोआप उतरत गेली. म्हणजे त्या धडधडीतला मोठा वाटा दारूचाच असतो. महिनाभरानंतरही ती तशीच राहिली, तर चिंतेचा आजार वेगळा धरून त्याचे उपचार करावे लागतात. झोपेच्या गोळ्यांची मात्र भीती बाळगावी. डॉक्टरांनी आठवड्यापुरती लिहिलेली गोळी माणूस दुकानातून परस्पर आणत राहतो आणि बाटली सुटून पाकीट जडतं.

बागेत एकदा मी त्याला ही चिंता हळूहळू उतरते हे समजावत होतो. तो म्हणाला, "म्हणजे ताण तोडल्यासारखं."

संत्र्याच्या माणसाला ताण हा शब्द मनाआधी झाडासाठी सुचतो. आंबिया बहारासाठी थंडीत झाडाचं पाणी तोडतात. भारी जमिनीत दीड-दोन महिनेसुद्धा. पानं मलूल होतात, काही गळतात. मग पाणी देऊन हा ताण तोडायचा, पण पहिलं ओलित हलकं. एकदम भरपूर पाणी दिलं की झाड फुलाऐवजी पालवीवर जातं. "झाडाले घाई नाही चालत," तो म्हणाला. मी वाचलेल्या कागदांपेक्षा त्याला त्याचं हे उदाहरण जास्त पटलं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

घाई नको, पण सोबत हवी. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसलं, की दारू पुरती जडलेल्या 38 जणांमागे एकालाच काही उपचार मिळतात. अनिता आणि अनिल अवचटांनी पुण्यात 1986 साली सुरू केलेलं मुक्तांगण पांढुर्ण्याहून फार लांब आहे. म्हणून मला गोव्याचा प्रयोग महत्त्वाचा वाटतो. 'संगथ' संस्थेने तिथल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, प्रशिक्षण दिलेल्या माणसांकडून पिणाऱ्या पुरुषांचं समुपदेशन करवलं. पूर्ण जडलेल्यांना त्यात घेतलं नव्हतं, हे ध्यानात ठेवायला हवं. 2017 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनी आधीच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले 42 टक्के होते. नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांत 18 टक्के. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते. आपल्या आशाताई, शिक्षक, सरपंच यांना असं शिकवता येणार नाही का? तोवर 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा क्रमांक आहे. तिथे पैसे लागत नाहीत.

त्याच्या वर्षातला सर्वांत अवघड दिवस पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची कर. त्या दिवशी घरोघरी मटण, आणि ग्लास. इथे तर गोटमारही त्याच दिवशी. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा, आणि पांढुर्णा व सावरगाव दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात. तरुणपणी तो दर वर्षी प्यायलेलाच पात्रात उतरायचा. या वेळी करीच्या आठ दिवस आधीपासून त्याची झोप गेली होती. भूक, राग, एकटेपण आणि थकवा, या चार वेळा सांभाळायच्या असं अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसमधली माणसं एकमेकांना सांगतात. त्याने ते पाठ केलं होतं, पण करीचा दिवस पाठांतराने निघत नाही.

त्या सकाळी सहालाच त्याचा फोन आला. "आज मले एकटं नोका ठेवू."

आम्ही बागेत गेलो. बायकोने दशम्या बांधून दिल्या होत्या. आंबियाची फळं भरत आली होती आणि फांद्या वाकल्या होत्या. तो बांबू तासून द्यायचा, मी फांदी उचलून धरायची, मग तो खाली टेकू लावायचा. अकराच्या सुमारास त्याचा हात थांबला, कपाळावर घाम आला. तो झाडाला पाठ टेकून बसला आणि सावकाश, लांब श्वास सोडत राहिला. मी काही बोललो नाही. पंधरा-वीस मिनिटांनी उठून त्याने पुढचा बांबू घेतला. दुपारी एकदा पुन्हा तसंच झालं, तेव्हा त्याने दशमी मागून घेतली.

अंधार पडेपर्यंत सव्वीस झाडांना टेकू लागले. सत्ताविसाव्या झाडापाशी बांबू संपले.