तोंडातला तुकडा कशासाठी काढतात?

तोंडात पांढरा चट्टा पडला. किंवा गालाच्या आतली जखम तीन आठवडे झाले तरी भरत नाही. अकोटच्या सरकारी दवाखान्यात दाखवले. डॉक्टरांनी बत्ती लावून पाहिले, बोटाने चाचपून पाहिले आणि म्हणाले, "अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात जा. तिथे तुकडा काढून तपासतील."

एवढे ऐकले की माणसाचा धीर सुटतो. वावरात मन लागत नाही. रात्री झोप येत नाही. जीभ सारखी त्या जखमेकडेच जाते. बाया-माणसे विचारतात, "काहून जी, जेवत नाही?" पण सांगवत नाही.

भीती वाटते यात लाजण्यासारखे काही नाही. भल्याभल्यांना वाटते. पण ही भीती नेमकी कशाची आहे, ते नीट पाहिले पाहिजे.

या तपासणीला डॉक्टर लोक बायॉप्सी म्हणतात. आपल्याकडे तुकडा काढणे म्हणतात. आपला शब्दच बरा. त्यात काय करतात ते सरळ कळते.

आता कोणी म्हणेल, डॉक्टर एवढे शिकलेले, त्यांना वरून पाहून कळत नाही का? नाही कळत. कपाशीचे हिरवे बोंड घ्या. वरून चांगले टवटवीत दिसते. आत गुलाबी अळी आहे की नाही, हे बोंड फोडल्याशिवाय समजते का? म्हणून आपण चार बोंडे फोडून पाहतो. तोंडातल्या चट्ट्याचेही तसेच आहे. पुष्कळ पांढरे चट्टे कॅन्सरचे नसतात. कधी तुटक्या दाताची धार गालाला घासून जखम होते. कधी खर्रा, तंबाखू आणि चुना यांनी आतली कातडी जाड होते. पण दिसायला सगळे जवळजवळ सारखेच.

गावात एक समजूत फार पक्की आहे. "लोखंड लागलं की रोग पसरते. तुकडा काढू नका बाप्पा!" असे सांगणारे पाच जण तरी भेटतात. ही समजूत कुठून आली असेल? पूर्वी लोक फार उशिरा दवाखान्यात जात. तोपर्यंत रोग गळ्यापर्यंत उतरलेला असे. मग तुकडा काढला, आणि थोड्या दिवसांत माणूस गेला. लोकांना वाटले, चाकूने नेले. खरे म्हणजे रोग आधीच पसरला होता. बोंड फोडले म्हणून त्यात अळी पडली, असे कोणी म्हणते का?

आता तुकडा कसा काढतात ते ऐका.

खुर्चीवर किंवा टेबलावर बसवतात. जखमेजवळ एक सुई देतात. ती मुंगळा चावल्यासारखी लागते. खोटे कशाला सांगा? पण थोड्या वेळात तो भाग बधिर होतो. गाल सुजल्यासारखा जड वाटतो. प्रत्यक्षात तो सुजलेला नसतो. मग डॉक्टर तुरीच्या दाण्याएवढा तुकडा कापून घेतात. त्या वेळी ओढल्यासारखे, दाबल्यासारखे कळते. दुखणे कळत नाही. दुखलेच तर हात वर करा. डॉक्टर थांबतात, आणखी औषध देतात. गरज पडली तर एक-दोन टाके घालतात. प्रत्यक्ष काम थोड्याच मिनिटांचे. अकोटहून एसटीने अकोल्याला जायला याहून जास्त वेळ लागतो.

बहुधा माणूस त्याच दिवशी घरी येतो. जागा बधिर असेपर्यंत काही खाऊ नका. गाल दाताखाली येतो आणि कळतही नाही. नंतर दोन-चार दिवस थंड ताक-भात, मऊ खिचडी खा. ठेचा आणि कडक भाकर बाजूला ठेवा. थोडे रक्त आले तर स्वच्छ कापडाची घडी पंधरा-वीस मिनिटे दाबून धरा. तरी थांबले नाही तर दवाखाना गाठा.

जाण्याआधी डॉक्टरांना सगळे सांगा. साखरेचा आजार आहे का? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? कोणत्या औषधाने अंगावर पुरळ उठते का? गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आणि तंबाखू खात असाल तर खातो म्हणून सांगा. दवाखान्यात लपवून काय मिळणार?

तुकडा काढण्यापूर्वी एक कागद सहीसाठी देतात. पूर्वी त्यावर निमूट अंगठा उठवत. आता तुम्हाला वाचता येते. वाचा, न कळेल ते विचारा, मगच सही करा. तुकडा औषधाच्या बाटलीत टाकतात. बाटलीवर आपलेच नाव आहे ना, तेही पाहून घ्या.

पुढचे काम नाजूक असते. तुकडा मेणाच्या वडीत बसवतात. त्याचे काप काढतात, तेही इतके पातळ की केसाच्या जाडीचा दहावा हिस्साही भरत नाही. त्यांना निळा आणि गुलाबी रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. आपले शरीर पेशींचे बनले आहे, जशी भिंत विटांची. विटा जागच्या जागी आहेत, की वेड्यावाकड्या वाढून पायाखाली घुसल्या आहेत, हे तिथे दिसते. म्हणून निकालाला आठवडाभर, कधी जास्तही लागतो. उशीर झाला म्हणजे वाईटच निघाले, असे समजू नका.

खरी कठीण गोष्ट हा आठवडा. सुई तर क्षणात विसरते. या दिवसांत काही माणसे काळजीने दुप्पट खर्रा खातात. ते तर आगीत रॉकेल ओतणे झाले. घरातल्या एका माणसाला तरी सगळे सांगा. पारावरच्या दहा गोष्टी ऐकू नका.

निकाल तीन तऱ्हेचा येऊ शकतो. साधी जखम किंवा चट्टा असेल. पेशींत बदल सुरू झाला असेल. तो कॅन्सर नव्हे, पण तंबाखू सोडून वरचेवर दाखवावे लागते. किंवा कॅन्सर असेल. तसे निघाले तरी सगळे संपले, असे नाही. शरद पवारांना २००४ साली, लोकसभेच्या निवडणुकीच्या दिवसांत, तोंडाचा कॅन्सर निघाला. शस्त्रक्रिया झाली. वीस वर्षांनी, २०२४ च्या निवडणुकीतही ते गावोगाव फिरत होते. तंबाखू-सुपारीच्या सवयीचा पस्तावा त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितला आहे. माजी गृहमंत्री आर. आर. पाटील मात्र याच रोगाने २०१५ साली गेले. रोग तोच, पण प्रत्येकाची गोष्ट निराळी. तो लहान असताना सापडला तर इलाज सोपा जातो, एवढे डॉक्टर खात्रीने सांगतात.

खर्चाची काळजी असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. कॅन्सरचा इलाज त्यात बसतो. रेशन कार्ड आणि आधार कार्ड जवळ असू द्या.

निकाल आणायला एकटे जाऊ नका. कागद बहुधा इंग्रजीत असतो. डॉक्टरांना मराठीत सांगायला लावा आणि तिथेच वहीत लिहून घ्या: काय निघाले, आता काय करायचे, पुन्हा कधी यायचे. तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवा. पुढे नागपूरला किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात जावे लागले, तर तिथे तोच कागद आधी मागतात.