आठ वर्षांचं पातं

विजेच्या रंध्याने साफ केलेली सागवानी फळी हाताला गुळगुळीत लागते, पण तिरप्या उजेडात धरली की तिच्यावर बारीक लाटा दिसतात. फिरत्या पात्याचा एकेक फटका तिथे उमटलेला असतो. आमच्या इमारतीत दरवाज्याचं काम करणाऱ्या मिस्त्रींनी मला त्या लाटा दाखवल्या. मग पिशवीतून लोखंडी रंधा काढून त्यांनी फळीवर लांब लांब हात मारले. लाटा गेल्या आणि लाकूड आतून उजळल्यासारखं दिसू लागलं. ना पॉलिश, ना काचपेपर. हाताशी मशीन असताना हा माणूस ते वजन रोज का वाहतो, ते मला त्या फळीवर दिसलं. भाचा हाताखाली तयार होतोय, त्याच्यासाठी बुधवारी जुन्या बाजारातून रंधा आणायचा आहे, असं ते म्हणाले. मीही निघाले.

आधी बोहरी आळीत हत्यारांच्या दुकानात थांबलो. नवा रंधा मिळाला तर बरंच, असं मिस्त्रींचं म्हणणं. दुकानदाराने खोक्यातून चकचकीत रंधा काढून दिला. मिस्त्रींनी तो उलटा केला, पातं आत ओढून घेतलं, पातं दाबून धरणारा वरचा खटका मात्र आवळलेलाच ठेवला. खटक्याच्या दाबाने तळ किंचित हलतो, त्यामुळे सैल रंध्याचा तळ तपासण्यात अर्थ नसतो. मग काटकोन तपासायचा गुण्या खिशातून काढून त्याची पट्टी तळावर उभी धरली आणि दोन्ही वस्तू डोळ्यांसमोर नेऊन रस्त्याच्या उजेडाकडे बघितलं. मलाही बघायला लावलं. पट्टी पुढच्या आणि मागच्या टोकाला टेकत होती. मधे, पातं जिथून बाहेर येतं त्या तोंडाशी, उजेडाची रेघ होती.

"इथे टेकला पाहिजे, ताई. बाकी कुठे थोडा उजेड दिसला तर चालतो."

तोंडाच्या लगेच पुढचा तळ लाकूड दाबून धरतो, म्हणून तर पातं सरळ कापत जातं. तिथेच पोकळी असेल तर लाकडाचा तंतू पात्यापुढे उचकटतो आणि फळीवर ओरखडे पडतात. दुकानदार म्हणाला, "मिस्त्री, इतकं कोण बघतं?" त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, खरंच कोणी बघत नाही. दुसरा खोका उघडला. त्यातल्या रंध्याचं पातं मागच्या बैठकीवर नीट बसत नव्हतं, बोटाने दाबलं की डुगडुगत होतं. असं पातं कापताना थरथरतं. मिस्त्रींनी दोन्ही रंधे पुसून परत दिले.

वाटेत ते जे बोलले ते माझ्या डोक्यातून जात नाही. "शिकणाऱ्या पोराच्या हातात असला रंधा दिला की पोरगं म्हणतं, माझा हातच वाईट. महिनाभर घासतं आणि मग काम सोडून देतं." सुतारकाम शिकायला पोरं येत नाहीत, याची कारणं आपण प्लायवूडमध्ये, लॅमिनेटमध्ये, मजुरीच्या दरात शोधतो. ती खरीही आहेत. पण मुळात न कापणारं हत्यार हाती आल्यामुळे किती पोरं परत गेली असतील, याचा विचार मी कधी केला नव्हता.

आज आपल्याकडे मिळणारे बहुतेक लोखंडी रंधे ज्या घडणीचे आहेत, ती लेनर्ड बेली या अमेरिकन कारागिराची. रंधा त्याच्याही फार आधीचा, इ.स. 79 मध्ये राखेखाली गेलेल्या पाँपेईतही रंधे सापडले आहेत. लाकडी रंध्यात पातं पाचरीने आवळतात आणि ठोकून खालीवर करतात. बेलीने मागे चाक बसवलं. ते फिरवलं की पातं केसभर पुढे येतं. स्टॅनली कंपनीने 1869 मध्ये त्याचे हक्क विकत घेतले आणि रंध्यांना नंबर मिळाले. चार नंबर म्हणजे साधारण 9 इंच लांब, पाच नंबर 14 इंच, सात नंबर 22 इंच. पातं 45 अंशांत बसतं. हे सगळं सगळ्यांनी उचललं. पण नक्कल आकाराची होते. तळ सपाट करायला आणि बैठक घासायला जो वेळ लागतो, तो स्वस्त मालात वाचवला जातो.

जुन्या बाजारात नळाच्या तोट्या, पाने, मोटारींचे सुटे भाग यांच्या ढिगात रंधे पडले होते, सगळे गंजलेले. मिस्त्रींनी गंजाकडे पाहिलंसुद्धा नाही. एकेक रंधा उचलून, पातं काढून ते अंगावर बोटाच्या पेराने टिचकी मारत. रंधा बिडाचा असतो. पडला की तडकतो, आणि तडा बहुतेक तोंडापाशी नाहीतर बाजूच्या भिंतीत जातो. धड अंग खणकन वाजतं, तडकलेलं बद्द. दोन रंधे आवाजावरच बाद झाले. तिसरा वाजला. त्याच्या तोंडापाशी पट्टी टेकत होती. मूठ शिसवी होती, हात फिरून फिरून काळी तुकतुकीत झालेली.

मग त्यांनी पातं उन्हात धरलं. पात्याची मागची, सपाट बाजू धारेजवळ खड्ड्याखड्ड्यांची झाली असेल तर ते फुकट गेलं; खड्डा धारेपर्यंत आला की तिथे धार लागतच नाही. इथे गंज वरवरचा होता. त्यांनी धारेपासून मधल्या खाचेपर्यंत अंगठ्याने माप घेतलं.

"इंच आहे अजून. आठ वर्षं."

मला कळेना. मिस्त्रींनी हिशेब सांगितला: इंचाचे सूत आठ. रोज काम आणि रोज धार असेल तर वर्षाला सूतभर पातं झिजतं. म्हणजे भाच्याला आठ वर्षं पुरेल. पहिल्या मालकाने किती वर्षं वापरला असेल, तेही गेलेल्या पात्यावरून त्यांनी बोटांवर मोजलं. हत्यार आधीच वापरलं गेलंय, ही त्यांच्या लेखी त्याची उणीव नव्हतीच. इतकी वर्षं कोणी रोज हातात धरलं, म्हणजे ते कापत होतं. याहून पक्की हमी कुठलं खोकं देईल? घासाघीस थोडक्यात आटोपली. नव्याच्या निम्म्याहून कमी पैशांत रंधा पिशवीत गेला.

कामावर परतल्यावर गंज काढणं, तेल देणं झालं. जाड काचेवर काचपेपर चिकटवून भाच्याने तळ घासला. पातं आधी दगडावर मागच्या बाजूने सपाट केलं, मग धार काढली. पात्यावर जी वळीव पट्टी बसते, तिची कड मिस्त्रींनी स्वतः घासली आणि उजेडात बघून घेतली. पट्टी आणि पातं यांत फट राहिली तर सालपट तिथे अडकतं आणि रंधा चोंदतो. पट्टी धारेपासून अर्ध्या मिलिमीटरहून कमी अंतरावर आवळली. लाकडाची रेषा उलटी आली तरी ही पट्टी सालपटाला लगेच मोडते आणि तंतू उचकटू देत नाही.

सागवानाचा तुकडा शिकंज्यात अडकवून भाच्याने पहिला हात मारला. रंधा अडखळला. मिस्त्रींनी चाक पाव फेरा मागे घेतलं, बोलले काहीच नाहीत. पुढचा हात टोकापासून टोकापर्यंत गेला आणि तोंडातून लांब, अखंड सालपट वर येऊन वळत गेलं. ताज्या सागवानाचा तेलकट, चामड्यासारखा वास सुटला. पोराने सालपट उचलून त्यातून खिडकीकडे बघितलं. उजेड आरपार दिसत होता. मग मामाकडे न बघता तो पुढच्या हाताला लागला.

"आठ वर्षं," मिस्त्री मला म्हणाले, "तोवर हा मिस्त्री होतो."

तुमच्या घरी कोणी लाकूडकाम शिकायला लागलं असेल, तर त्याला एकच रंधा घेऊन द्या, पण तपासून द्या. पाच नंबरचा घ्या. 14 इंची रंधा फळी सरळही करतो आणि साफही. चकाकी आणि खोकं बघू नका. तळ तोंडाशी टेकतो का, अंग खणकन वाजतं का, पातं बैठकीवर घट्ट बसतं का आणि किती सूत शिल्लक आहे, एवढं बघा. आणि जाताना गुण्या बरोबर न्या; दुकानात तो मागितला तर मिळेलच असं नाही.