आधी आढं, मग फरशी

सोपाऱ्यातलं वडिलांचं कौलारू घर दुरुस्त करायचं ठरलं तेव्हा पैसे मोजके होते. लेकीचं लग्न तोंडावर, म्हणून पुढच्या खोलीत नवी फरशी आणि रंग हे जवळजवळ पक्कं झालं होतं. ओळखीचे एक म्हातारे गवंडीचाचा आले. फरशीकडे त्यांनी पाहिलंच नाही, आढ्याकडे बघत राहिले.

“पाणी कुठनं येतं ते सांग, मग पैशाचं बोलू.”

आमच्याकडे पावसाळ्याच्या चार महिन्यांत २००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. एक मंगलोरी कौल फुटलं की वासा भिजतो, कुजतो, वाळवी लागते. कौलाचं काम वाशाचं होतं, वाशाचं भिंतीचं. म्हणून पहिला खर्च कौलं, वासे, पन्हळ यांवर. मग जोत्याभोवती पाणी बाहेर जाईल असा उतार. (जुलै २०१८ सारख्या पुरापुढे उतार काय करणार, हेही खरंच.) त्यानंतर जुनी वायरिंग, ओल्या भिंतीतली वायर जिवावर बेतते.

भिंतींबाबत मीच चुकत होतो. ओल दिसली की सिमेंटचा गिलावा, असं मला वाटे. पण आमच्या भिंती चुन्याच्या. चुना ओल घेतो आणि सोडतो. वर सिमेंट चढवलं की ती आत कोंडते आणि पोपडे सुटतात. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकलेल्या वसईच्या किल्ल्यात चुन्यात बांधलेल्या कित्येक भिंती छपराविना आजही उभ्या आहेत.

मे महिन्यात कौलं बदलली. फरशीला पैसे उरले नाहीत. निकाहच्या दिवशी बाहेर मुसळधार. आत जुन्या फरशीवर सतरंज्या अंथरल्या होत्या आणि बादली कुठेच ठेवावी लागली नाही.