नाणेघाटाच्या पायऱ्यांचा खर्च कोणाच्या खात्यावर?

सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल घाटावर जुन्नरला न्यायचा, तर सातवाहनांच्या काळापासूनचा प्रमुख हमरस्ता म्हणजे मुरबाड तालुक्यातून चढणारा नाणेघाट. वैशाखऱ्याजवळून निघणारी वाट आधी रानातून जाते आणि शेवटी दोन कड्यांमधल्या अरुंद नळीत शिरते. तिथल्या पायऱ्या काही कातळात खोदलेल्या, काही नुसत्या दगड रचून बसवलेल्या. बऱ्याच ठिकाणी दगड निसटलेत, आणि पावसाळ्यात पायरी कुठली आणि ओढा कुठला ते कळत नाही.

या पायऱ्यांना पैसा कोणी पुरवला? माथ्यावरच्या लेण्यात इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचा, सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा शिलालेख आहे. कोणते यज्ञ झाले, दक्षिणा म्हणून गायी, हत्ती, घोडे, गावं, कार्षापण नाणी किती दिली, सगळं आकड्यांनिशी कोरलेलं. वाटेच्या खर्चाची मात्र वाचता येणाऱ्या मजकुरात ओळसुद्धा नाही. देणगीची कोनशिला बसते, दुरुस्तीची बसत नाही, ही रीत बरीच जुनी दिसते. जवळच्या एका पाण्याच्या टाक्यावर सोपाऱ्याच्या गोविंददासाचं नाव आहे. लोकवर्गणीतून झालेली सोय म्हणा हवं तर. वाट जकातीवर चालत असावी असं मानतात आणि पुरावा म्हणून माथ्यावरचा, जकात टाकायचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण दाखवतात. रांजणाचं काहीही असो, व्यापार होता तोवर वाट राखणाऱ्यांची गरज होती. जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी हे किल्ले उगाच या वाटेभोवती उभे नाहीत.

इंग्रजांनी १८१८ मध्ये जीवधनच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. दहाच वर्षांनी, १८२८ मध्ये, कर्नल साइक्स नाणेघाटाच्या लेण्यात पोचला. पुढे भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर या पुरालेखतज्ज्ञांनी लेख वाचला आणि लेण्याला जगभर अभ्यासक मिळाले. पायऱ्यांचं नशीब तेव्हाच फिरत होतं. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६५ मध्ये शेजारच्या शहापूर तालुक्यातून थळघाट चढून रेल्वे इगतपुरीला गेली. सरकारी पैसा चाकांच्या मागे गेला. मुरबाडला तर रेल्वे अजून आलेली नाही.

लेणं आणि शिलालेख केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. खालची वाट वनखात्याच्या हद्दीत, माथा पुणे जिल्ह्यात, पायथा ठाण्यात. आता राज्यात गडकिल्ले आणि स्मारकांच्या जतनासाठी जिल्हा वार्षिक योजनेतून ३ टक्क्यांपर्यंत निधी देण्याची सोय झाली आहे. रायगडासाठी तर ६०६ कोटींचा आराखडा आणि स्वतंत्र प्राधिकरण झालं. म्हणजे पैसाच नाही, ही सबब आता चालणार नाही. पण निधी मागायचा कोणी? अंदाजपत्रक कोण करणार, तांत्रिक मान्यता कोण देणार, ना-हरकत किती ठिकाणांहून आणायची? एक कागद वनखात्यात, दुसरा पुरातत्त्वाकडे, तोवर मार्चअखेर येते आणि निधी परत जातो. शहापूरचा माहुली किल्ला तानसा अभयारण्यात. तिथेही जतनाचं कुठलंही काम वनखात्याला वगळून होत नाही.

रायगडाची बरोबरी इथे कोणी करू नये, आणि मला विचाराल तर करायची गरजही नाही. नाणेघाटाला कोट्यवधींचं प्राधिकरण नको. हवी ती ठाणे आणि पुणे या दोन्ही जिल्ह्यांच्या नियोजन समित्यांनी एकत्र केलेली एक मागणी, आणि अंमलबजावणीसाठी नेमलेली एक यंत्रणा. शिवाय अंदाजपत्रकात पहिली बाब पाण्याची असावी. नळीतलं पाणी पायऱ्यांवरून न जाता बाजूने कसं काढायचं, हे ठरल्याशिवाय एकही दगड बसवू नये. निसटलेले मूळ दगड बहुधा खालीच पडलेले असतील. ते शोधून, क्रमांक घालून पुन्हा बसवता येतील. त्यावर सिमेंट ओतून स्टीलचं रेलिंग ठोकलं, तर देयक लवकर मंजूर होईल, पण पाणी आत अडून दोन पावसाळ्यांत सगळं पुन्हा उखडेल, आणि पुढच्या दुरुस्तीसाठी फाईल परत त्याच टेबलावरून सुरू करावी लागेल.